प्रीसेटवरचे पाच रंग

माझे दोन नियम आहेत आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते मी न विचारता ऐकवतो. पहिला: कुठलंही यंत्र उघडलं की आत जे आहे त्याचा आधी कागदावर नकाशा काढायचा, मगच हात लावायचा. दुसरा: आतून जे काही काढलं, मग ते जळकं का असेना, छोट्या पाकिटात घालून मालकाला परत द्यायचं. जुनी वाद्यं दुरुस्त करतोय त्याला तीस वर्षं झाली आणि दोन्ही नियम पाळत आलोय. पहिला एकदाच मोडला. का मोडला हे सांगायची लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय थोरलीबद्दल सांगता येणार नाही.

माझं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा आणि भिंग, भिंतीवर डब्यांच्या ओळी. डब्यांवर आकडे आहेत आणि ते फक्त मला कळतात. बायको म्हणते, तू उद्या गेलास तर मी हे सगळं भंगारात देणार. मी म्हणतो, म्हणून तर जात नाही.

पाखरूबाई एका शनिवारी सकाळी आल्या. पासष्टीच्या असतील. त्यांचं खरं नाव मला पावतीवर कळलं असतं, पण पावतीवरही त्यांनी पाखरूबाई असंच लिहिलं. मुलांच्या एका नाटकात कापडाचं पाखरू आहे. त्याला तोंडाने बोलता येत नाही. त्याचं हसणं, रुसणं, घाबरणं, मालकाशी भांडणं, सगळं बाई पडद्याच्या कडेला बसून सिंथेसायझरवर वाजवतात. वीस वर्षं वाजवतायत. यंत्रही तसंच वयस्कर. लाकडी बाजूंचं, एका वेळी एकच सूर काढणारं. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली.

"आतून घरघर येते," बाई म्हणाल्या. "तेवढी घालवा. पुढच्या रविवारी प्रयोग आहे."

घरघर घालवायला मला अर्धा तास लागला. वीज गाळणारे दोन जुने कपॅसिटर वाळून गेले होते, ते बदलले. तिथेच झाकण लावलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण मला शेजारचं दिसलं.

सिंथेसायझरमध्ये एन्व्हलप नावाचं एक सर्किट असतं. बायको त्याला अजूनही पाकिटाचं सर्किट म्हणते. की दाबल्यावर आवाज किती झटकन वर यावा, बोट असेपर्यंत कुठे थांबावा आणि बोट उचलल्यावर किती वेळात विरावा, हे ते ठरवतं. टाळीचा आवाज आणि शीळ यांत फरक आहे तो बराचसा एन्व्हलपचा. यंत्राचा स्वभावच म्हणा. आणि या यंत्राच्या एन्व्हलपवर कोणीतरी उपरं बिऱ्हाड बसवलं होतं. डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणाचा कापलेला तुकडा, त्याला सुईने पाडलेली भोकं, त्यात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि एक प्रीसेट. प्रीसेट म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचं चिमुकलं बटण. ते नेलपॉलिशने बरबटलं होतं, तेही एका रंगाच्या नाही. तारा शिवणाच्या दोऱ्याने बांधलेल्या. एक तार पार पुढे जाऊन कीबोर्डच्या डाव्या कडेला, लाकडात भोक पाडून बसवलेल्या मसूरएवढ्या लाल दिव्याला जोडलेली.

माझं डोकं फिरलं. असलं देखणं यंत्र, आणि त्यात हा गबाळा उद्योग.

"बघ," मी बायकोला हाक मारली. "लोकांच्या हातात सोल्डरिंग आयर्न देताना परवाना लागायला हवा."

तिने भिंगातून पाहिलं. "सोल्डरचे टाके मात्र सुबक आहेत," ती म्हणाली. "एकाची मान वाकडी नाही. दोरासुद्धा बघ, दर बोटभर अंतराला एक गाठ."

"तुला काय कळतंय त्यातलं."

"शिवण कळतं," ती म्हणाली आणि आत गेली.

मी ते सगळं काढलं. नकाशा न काढता. कचऱ्याचा कसला नकाशा काढायचा, असं मी स्वतःशी म्हणालो, मला तो क्षण लख्ख आठवतो. तारा मुळापासून कापल्या. नेलपॉलिश ब्लेडने खरवडलं आणि प्रीसेट फिरतो तरी का बघावं म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. दिव्याचं भोक लाकडाच्या भुशाने बुजवून वर पॉलिश केलं. कंपनीचा मूळ आराखडा माझ्याकडे आहे, त्याच्याशी एकेक ठिकाण ताडून पाहिलं. संध्याकाळपर्यंत यंत्र कारखान्यातून आल्यासारखं झालं. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. न सांगितलेलं काम केलं होतं आणि त्याचे पैसेही लावणार नव्हतो.

बुधवारी सकाळी बाई आल्या. तेव्हा मी त्यांचे हात पहिल्यांदा नीट पाहिले. सांधे सुजलेले, बोटं एका बाजूला कललेली. खुर्चीवर बसल्या, एक सूर दाबला. स्वच्छ. घरघर नाही. त्या हसल्या आणि पाखराचं बोलणं वाजवायला लागल्या.

पाखरू बोललंच नाही. एक सूर उमटला आणि मग तोच वर-खाली सरकत राहिला, सलग. मांजर खिडकीत अडकल्यावर ओरडतं तसं काहीतरी. बाईंनी थांबून पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. मग त्यांनी डाव्या कडेला, लाकडावर बोट फिरवलं.

"दिवा कुठेय?"

मी पाकीट पुढे केलं. "बाई, आत कोणीतरी फार गोंधळ घालून ठेवला होता. सगळं काढून मूळचं केलंय. हे आतलं सामान."

त्यांनी पाकीट टेबलावर उलटं केलं. झाकणाचा तुकडा, सुटे भाग, दोऱ्याचे तुकडे, तो लाल दिवा. मी उगाच पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं.

"हे आमच्या थोरल्या जाऊबाईंनी केलेलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी सांधे धरायला लागले. बोट खाली जायचं, पण वेळेवर उठायचं नाही. आणि या जुन्या यंत्राची खोड अशी, की आधीचं बोट उठण्याआधी पुढचं टेकलं तर सूर बदलतो, पण त्याला नवी सुरुवात मिळत नाही. एन्व्हलपला वाटतं, बोट अजून तिथेच आहे, मग पुन्हा कशाला उठायचं. चिवचिव होण्याऐवजी नुसती ओढाताण. बाईंना वाटलं आपलीच कला आटली. त्यांनी वाजवणं सोडायचं ठरवलं. तेव्हा थोरलीने झाकण उघडलं.

"दिग्दर्शक आधीच म्हणतोय, पाखरू रेकॉर्ड करून ठेवू. बटण दाबलं की झालं," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, मुलं रोज वेगळ्या ठिकाणी हसतात, रेकॉर्डिंगला ते कसं कळणार. पण रविवारी असं वाजलं तर मला बोलायला तोंड राहणार नाही. मग मी घरी बसणार. एवढंच."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चिडल्या नाहीत. पाकिटातलं सामान एकेक उचलून त्यांनी परत पाकिटात ठेवलं. कललेल्या बोटांनी त्याला फार वेळ लागला आणि तो सगळा वेळ मी उभ्या उभ्या पाहिला.

"उद्यापर्यंत परत बसवून देतो," मी म्हणालो. आवाजात जेवढी खात्री होती तेवढी पोटात नव्हती.

पाकिटातले भाग होते, पण कशाला काय जोडलं होतं ते फक्त माझ्या नियमाच्या कागदावर असायला हवं होतं, आणि तो कागद मी काढला नव्हता. मग ते भाग समोर मांडून मी उलटा विचार करायला बसलो. हे करणाऱ्या बाईला काय हवं होतं, आणि एवढ्याच सामानात तिने ते कसं केलं असेल.

दुपारपर्यंत अर्धं उलगडलं आणि मी खुर्चीत मागे टेकलो. छोटा कपॅसिटर सुरावर लक्ष ठेवायला होता. सूर बदलला की तो ट्रान्झिस्टरला एक टोचणी देणार, आणि ट्रान्झिस्टर डोळ्याचं पातं लवायच्या आत एन्व्हलपला खोटंच सांगणार, की बोट उठलं आणि परत टेकलं. एन्व्हलप बिचारं विश्वास ठेवणार आणि नव्याने उठणार. बाईंचं बोट जे करू शकत नव्हतं ते यंत्र त्यांच्या वतीने करत होतं. मी हे काम करायला घेतलं असतं तर तिप्पट भाग लागले असते आणि मूळ सर्किटची चार ठिकाणी मोडतोड झाली असती. इथे मूळ सर्किटला फक्त तीन तारा चिकटवलेल्या. मी ज्याला गबाळं म्हणालो होतो, त्यात एकही भाग जास्तीचा नव्हता.

बायको चहा घेऊन आली तेव्हा मी तिला म्हणालो, "टाके सुबक होते."

"मी काय म्हणत होते," ती म्हणाली. एवढंच बोलून गेली, हे तिचे उपकार.

मोठ्या कपॅसिटरचा मात्र उलगडा होईना. तो आणि दुसरा ट्रान्झिस्टर वीज गाळायला असतील असं धरून मी बसवले. प्रीसेट टोचणीची तीव्रता ठरवत असेल असं धरलं. गुरुवारी सकाळी मी स्वतः बोटं न उचलता वाजवून पाहिलं. प्रत्येक सूर सुटा, टवटवीत. माझा जीव भांड्यात पडला.

दहा वाजता पाखरूबाई आल्या, बसल्या, वाजवलं. पाखरू बोबडं झालं होतं. प्रत्येक चिवला दोन चिव, कधी तीन. बाईंचं बोट टेकताना थरथरतं, शेजारच्या कीला निसटतं लागतं आणि मग जागेवर बसतं. माझं सर्किट त्या प्रत्येक लागण्याला नवा सूर समजून दाद देत होतं.

"जरा सावकाश, नेमकं टेकवून पाहा ना," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तोंडातून गेलेलं वाक्य परत घेता आलं असतं तर मी त्या दिवशी महिन्याची कमाई देऊन घेतलं असतं.

"उद्या ताईंना घेऊन येते," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी टॅक्सीतून दोघी उतरल्या. थोरली पंच्याहत्तरीची, उंच, ताठ, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. काठी होती, पण ती टेकायला कमी आणि वाटेतल्या वस्तू बाजूला सारायला जास्त. दारातूनच खणखणीत, एका पट्टीतल्या आवाजात म्हणाली, "माझ्याकडे तोंड करून बोला. मला ऐकू येत नाही."

मी पाखरूबाईंकडे बघितलं. हे त्या बोलल्या नव्हत्या.

"दहाव्या वर्षी ताप आला, तेव्हापासून," बाई म्हणाल्या. "त्यात सांगण्यासारखं काय आहे. ताईंनी कारखान्यात चोवीस वर्षं रेडिओ जोडले, एकही ऐकला नाही."

आणि मग मला तो लाल दिवा कळला. तो एन्व्हलपला जोडलेला होता. सूर उठला की तो उजळायचा, विरला की मंदावायचा. मला वाटलं होतं कोणाची तरी शोभेची हौस. थोरली तो दिवा बघायची. धाकटी घरी वाजवत बसली की थोरली शेजारी बसून भाजी निवडायची आणि दिव्यावर नाटकातलं प्रत्येक वाक्य ओळखायची. तो दिवा तिने फार आधी लावला होता, बाईंची बोटं चांगली असताना. मी त्याचं भोक भुशाने बुजवून वर पॉलिश केलं होतं.

"नकाशा कुठेय?" थोरलीने विचारलं.

"काढला नाही."

"का?"

खोटं बोलायची सोय नव्हती, ती ओठांकडे बघत होती. "मला तो कचरा वाटला," मी म्हणालो.

ती खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी, माझ्याच जागेवर बसली. "पाकीट द्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही इकडे बसा. मला आता बारीक दिसत नाही, हातही थांबत नाही. हात तुमचे लागतील."

तीस वर्षांत माझ्या टेबलाशी मी कडेच्या स्टुलावर पहिल्यांदा बसलो. तिने भाग बोटांनी चाचपून ओळखले. रंगांचे पट्टे दिसत नव्हते, पण जाडी, पायांची लांबी, कुठला पाय कसा वळवलेला, यावरून तिला प्रत्येकाची जागा ठाऊक होती. ती एकेक माझ्या पुढ्यात ठेवायची आणि सांगायची: हा इथे, याचा पाय त्याला. मोठा कपॅसिटर आला तेव्हा मी तिच्याकडे तोंड करून विचारलं, हा कशाला?

"एकदा ऐकलं की थोडा वेळ बहिरं व्हायला," ती म्हणाली. "हिचं बोट दोनदा लागतं. पहिल्यांदा ऐकायचं, मग जरा वेळ कोणी काही बोललं तरी लक्षच द्यायचं नाही. मला सवय आहे."

पाखरूबाई तोंडावर हात घेऊन हसल्या. मला हसायला एक क्षण उशीर झाला, कारण मी अजून त्या कपॅसिटरकडेच बघत होतो. मी ज्याला विजेची गाळणी समजलो, ती क्षमा होती. बोटाची थरथर किती वेळ माफ करायची ते तो ठरवत होता आणि प्रीसेट त्या वेळेचा होता. एवढी साधी गोष्ट मला दोन दिवसांत सुचली नाही, आणि मी त्या बाईला नेमकं टेकवून वाजवायला सांगितलं.

मी टाके घालत गेलो. तीन झाल्यावर तिने हात थांबवायला सांगितला, तर्जनीचं टोक एकेका टाक्यावरून फिरवलं. तिसऱ्यावर थांबली. "हा थंड आहे, सोल्डर नीट धरलेलं नाही. खरखरीत लागतोय. परत."

"मी तीस वर्षं..."

"मी चोवीसच. परत."

मी परत घातला. तिने पुन्हा बोट फिरवलं आणि पुढचा भाग माझ्या पुढ्यात ठेवला. तेव्हा वाटलेला आनंद मला बायकोपासून लपवता आला नाही. ती दारात उभी राहून सगळं बघत होती.

"तुम्हाला हे सुचलं कसं?" मी विचारलं. "ऐकू येत नसताना?"

"दिसलं म्हणून सुचलं," थोरली म्हणाली. "ही रडायला लागली. म्हणाली, माझ्यातलं गेलं. सगळे म्हणाले, वय झालं. मी दिव्याकडे बघत होते. पूर्वी प्रत्येक सुराला दिवा मिटायचा आणि परत लागायचा. आता मिटतच नव्हता. मग तिच्या हाताकडे बघितलं. तुम्ही ऐकणारे सगळे कान लावून बसता ना, म्हणून तुम्हाला बोट दिसत नाही. मी पुस्तक आणलं ग्रंथालयातून. आठ महिने गेले. दोन ट्रान्झिस्टर जाळले."

"चार," पाखरूबाई म्हणाल्या.

"दोन," थोरली म्हणाली. तिने ओठ वाचले होते.

मी आयुष्यात बरेच हुशार लोक पाहिले. पदव्यांचे, परदेशी पुस्तकांचे, माझ्यासारखे भिंगवाले. पण जे सगळ्यांना ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं, ते न ऐकता ओळखणारी ही एकच. मी तिला तसं म्हणालो, अगदी समोर तोंड करून. तिने हात झटकला. "प्रीसेट बसवा," ती म्हणाली.

लाल दिव्यासाठी मी माझं सुंदर बुजवलेलं भोक पुन्हा पाडलं. मग झाकण उघडंच ठेवून यंत्र चालू केलं. थोरलीने खुर्ची पाखरूबाईंसमोर घेतली, डावा पंजा स्पीकरच्या कापडावर पसरला आणि मला म्हणाली, "अगदी हळू फिरवा. मी थांब म्हणेन."

इथे खरी मेख होती. माफीची वेळ कमी पडली तर पाखरू बोबडं होणार. जास्त झाली तर बाईंचे भरभर वाजवलेले सूर यंत्र गिळून टाकणार. थरथर संपल्यावर आणि पुढचा सूर यायच्या आत, या दोन्हींच्या मध्ये जी बारीकशी फट, तिथेच ते बसायला हवं. ती फट जगात फक्त या एका बाईच्या हाताची होती. कुठल्या आराखड्यात ती सापडणार नव्हती. मी मीटर पुढे केला. थोरलीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती बघत होती वाजवणाऱ्या बोटांकडे आणि दिव्याकडे, आणि पंजा स्पीकरवर.

"चाळीस वर्षं एका ओट्याशी उभ्या राहिलोय," ती म्हणाली. "हिची बोटं मला पाठ आहेत. थांब. जरा मागे. केसभर. थांब."

पाखरूबाईंनी वाजवलं. पाखरू आधी रुसलं, मग मालकावर खेकसलं, मग हसलं. प्रत्येक चिव वेगळी, गोल, टोकदार. बायको दारात हसली. मी स्क्रू ड्रायव्हर पुसत बसलो. पाखरूबाई वाजवायच्या थांबेनात. एवढं सुजलेलं बोट असं नाचताना मी पाहिलं नव्हतं.

थोरलीने पिशवीतून नेलपॉलिशची बाटली काढली. गर्द हिरवी. कारखान्यात हीच पद्धत असते: प्रीसेट बरोबर लागला की वर रंगाचा थेंब, म्हणजे हे ठरवून लावलंय, कोणी हलवू नये. मला हे ठाऊक होतं. तीस वर्षांत शेकडो वेळा पाहिलेलं. आणि तरी मी ते ब्लेडने खरवडलं होतं.

"आधीचे पाच होते ना?" मी विचारलं. "लाल, गुलाबी..."

"लाल, गुलाबी, चॉकलेटी, परत लाल, जांभळा," ती म्हणाली. "दर दोन वर्षांनी हिचं बोट जरा मागे पडतं. मग मी खरवडायची, थोडं फिरवायची, नवा रंग लावायची. म्हणजे लक्षात राहतं कुठवर आलो."

पाखरूबाई वाजवायच्या थांबल्या. हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, ताई मधूनमधून यंत्र साफ करतात.

"मला वाटलं, औषधाने आराम पडतोय," त्या म्हणाल्या.

थोरलीने त्यांच्याकडे न बघता बाटलीचं झाकण उघडलं, ब्रश बाहेर काढला. ब्रशचं टोक हवेत हलत राहिलं. तिने दोनदा प्रयत्न केला. मग ब्रश माझ्यापुढे धरला.

"तुम्ही लावा."

मी लावला.

"घरघरसुद्धा मीच घालवली असती," ती म्हणाली. "पण आता होत नाही. मी हिला म्हटलं, त्या माणसाकडे ने. चार ठिकाणी विचारलं, सगळे म्हणाले तिरसट आहे, पण काढलेलं सगळं परत देतो. जो काढलेलं परत देतो, त्याचं चुकलं तर दुरुस्त तरी करता येतं. पुढच्या वेळेपासून तुम्ही बघा हिचं."

मी मान हलवली. तिला ती पुरली नाही, तिने माझ्या ओठांकडे बोट दाखवलं. मग मी तोंडाने म्हणालो, "बघतो."

त्या गेल्यावर मी आधी आठवणीतून नकाशा काढला. दोन दिवस लागले असते तरी चाललं असतं, एका बैठकीत झाला. कागदाच्या कोपऱ्यात, जिथे रचना कोणाची ते लिहितात, तिथे 'थोरली' असं लिहिलं. रविवारी आम्ही दोघं नाटकाला गेलो. मुलं भलत्याच ठिकाणी हसली आणि पाखरू त्यांच्यासाठी तिथे थांबलं. थोरली पहिल्या रांगेत होती, अगदी कडेला, जिथून रंगमंच नीट दिसत नाही पण बाईंचा लाल दिवा दिसतो.

दीड वर्षाने पाखरूबाईंचा फोन आला, पाखरू परत अडखळतंय. मी त्यांना दोन दिवस दुकानात नुसतं वाजवायला बसवलं आणि मीटर कपाटात ठेवून दिला. बोटं बघितली, दिवा बघितला, पंजा स्पीकरवर ठेवून पाहिला. पहिल्या दिवशी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती फट मला हाताला लागली. हिरवा खरवडला, केसभर फिरवला. नेलपॉलिश आणायला मी स्वतः दुकानात गेलो. कुठला रंग, म्हणून तिथल्या मुलीने विचारलं. मी म्हणालो, लाल, गुलाबी, चॉकलेटी, जांभळा आणि हिरवा सोडून कुठलाही. तिने निळा दिला.

संध्याकाळी थोरली आली. आता काठी खरोखरच टेकत होती. एका बाजूने पाखरूबाई, एका बाजूने माझी बायको. झाकण मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं, सगळे टाके आदल्या रात्रीच भिंगाखाली पुन्हा तपासले होते. ती यंत्राजवळ बसली, स्पीकरवर पंजा ठेवला. पाखरूबाईंनी पाखराचं सगळ्यात लांब, सगळ्यात भरभर बोलणं वाजवलं. थोरलीने डोळे मिटून घेतले, दिवासुद्धा बघितला नाही.

संपल्यावर तिने हात काढून मांडीवर ठेवला. मी भिंग पुढे केलं, टेबलावरचा दिवा जवळ ओढला, टाके बघायला जागा करून दिली.

"झाकण लावा," ती म्हणाली.